जिल्हा आणि तालुका कारागृहे : मनुष्यबळ आणि सुरक्षेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विधी सेवेच्या कामानिमित्त माझे कारागृहांत नियमित जाणे-येणे असते. बंद्यांचे नातेवाईक, नव्याने भरती झालेले कारागृह शिपाई, कायद्याचे विद्यार्थी आणि क्वचित पत्रकार मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरे महाराष्ट्रापुरती आहेत. जिथे देशभराचा नियम आहे, तिथे तसे लिहिले आहे. सरकारी कागदांत कैद्याला ‘बंदी’ म्हणतात. मी दोन्ही शब्द वापरले आहेत.

१. पोलीस कोठडी, सब जेल आणि जिल्हा कारागृह यांत फरक काय? आमच्या मुलाला नक्की कुठे ठेवलंय?

पोलीस कोठडी म्हणजे पोलीस ठाण्यातले लॉकअप. तिथला ताबा तपास करणाऱ्या पोलिसांकडे असतो. न्यायालयाने ‘न्यायालयीन कोठडी’ दिली की माणूस कारागृहात जातो आणि ताबा कारागृह अधीक्षकाकडे येतो. जिल्हा आणि मध्यवर्ती कारागृहे राज्याच्या कारागृह व सुधारसेवा विभागाकडे असतात. या विभागाचे मुख्यालय पुण्यात आहे. तालुक्याच्या गावी जे सब जेल असते, ते दुय्यम कारागृह. त्याची व्यवस्था वेगळी आहे (प्रश्न ६ पाहा). फोनवर नातेवाईक सरसकट ‘आत आहे’ एवढेच सांगतात. पण तक्रार, भेट, औषधे यांतले काहीही करायचे तर आधी ताबा कोणाचा हे कळायला हवे. न्यायालयाच्या शेवटच्या रिमांड आदेशात ते लिहिलेले असते.

२. तुरुंगांचे नियम केंद्र सरकार ठरवते की राज्य?

राज्य. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत ‘कारागृहे’ हा विषय राज्यसूचीत, चौथ्या क्रमांकावर आहे. इंग्रजांच्या काळातला १८९४ चा तुरुंग अधिनियम हा या सगळ्या व्यवस्थेचा जुना पाया, आणि रोजचे बारीकसारीक नियम राज्याच्या कारागृह नियमपुस्तिकेत असतात. केंद्राने २०१६ मध्ये आदर्श कारागृह नियमपुस्तिका आणि २०२३ मध्ये आदर्श कारागृह व सुधारसेवा अधिनियम तयार करून राज्यांना पाठवला. हे दोन्ही नमुने आहेत. राज्याने स्वीकारले तेवढेच बंधनकारक ठरते. खाली ‘आदर्श पुस्तिका’ असा उल्लेख येईल तिथे हे लक्षात ठेवा. न्यायालयासमोर मात्र हा नमुना चांगला आधार ठरतो.

३. कारागृहात कमीत कमी कोणती पदे असायलाच हवीत?

१८९४ च्या अधिनियमाचे कलम ६ सांगते : अधीक्षक, वैद्यकीय अधिकारी, त्याच्या हाताखालचा वैद्यकीय कर्मचारी, तुरुंगाधिकारी आणि राज्य सरकारला आवश्यक वाटतील ते इतर अधिकारी. अधीक्षक आणि वैद्यकीय अधिकारी एकच व्यक्ती असू शकते, अशी सोयही त्यात आहे. महाराष्ट्रात प्रत्यक्ष उतरंड अधीक्षक, उपअधीक्षक, तुरुंगाधिकारी श्रेणी १ व २, सुभेदार, हवालदार आणि कारागृह शिपाई अशी आहे. बराकीच्या दाराशी जो चोवीस तास दिसतो तो शिपाई. सुरक्षेचा सगळा भार शेवटी त्याच्यावर येतो.

४. किती कैद्यांमागे किती रक्षक असावेत?

आदर्श पुस्तिकेत दर ६ कैद्यांमागे १ रक्षक हे प्रमाण दिले आहे. हे उत्तर पाठ करून परीक्षेत लिहायला पुरेसे आहे, पण तुरुंग समजून घ्यायला पुरेसे नाही. कारण हे प्रमाण पटावरच्या माणसांचे आहे. एका वेळी ड्युटीवर उभ्या असलेल्या माणसांचे नाही.

६० कैद्यांचे छोटे कारागृह घ्या. १ : ६ प्रमाणे १० रक्षक झाले. आता एका जागेचा, म्हणजे समजा मुख्य दरवाजाचा, हिशेब करा. दरवाजा आठवड्याचे १६८ तास सांभाळायचा असतो. एक माणूस आठ तासांच्या पाळीने सहा दिवस, म्हणजे ४८ तास काम करतो. १६८ भागिले ४८ म्हणजे साडेतीन माणसे. त्यात अजून रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलेले नाही. ते धरले की एका जागेला चारहून जास्त माणसे लागतात. म्हणजे दहा रक्षकांत जेमतेम दोन जागा नीट चालतात, तिसरी ओढूनताणून. दरवाजा, बराकीचे आवार आणि मनोरा एवढ्यातच सगळी माणसे संपली. मुलाखत कक्ष (नातेवाईकांना भेटण्याची जागा), स्वयंपाकघर, दवाखाना आणि झडतीला कोण?

म्हणून मला कोणी प्रमाण विचारले, की मी उलटा प्रश्न विचारतो : रात्री दोन वाजता आत किती जण जागे आहेत? अभ्यागत मंडळाच्या (कारागृहाची पाहणी करणाऱ्या मंडळाच्या) सदस्यांनी, वकिलांनी, पत्रकारांनी हाच आकडा मागावा. तो ड्युटी वाटपाच्या नोंदवहीत मिळतो.

५. पदे रिक्त राहिली तर प्रत्यक्षात काय बिघडते?

२०२२ अखेर देशभरात कारागृहांतल्या मंजूर पदांपैकी सुमारे ३० टक्के पदे रिक्त होती. पण मुख्य दरवाजा कधीच रिकामा ठेवता येत नाही, मग कपात दुसरीकडे होते. आधी आठ तासांची पाळी बारा तासांची होते. मग साप्ताहिक सुट्टी जाते. मग दोन बराकींना एक शिपाई येतो आणि रात्रीची फेरी तासाऐवजी दोन तासांनी होऊ लागते. कैद्यांना लवकर कोंडले जाते, कारण मोकळ्या आवारात त्यांच्यावर लक्ष ठेवायला माणूस नसतो. ग्रंथालय, खेळ आणि वर्ग बंद पडतात. कोंडून ठेवलेली माणसे चिडतात, भांडणे वाढतात आणि त्याच थकलेल्या शिपायाला ती सोडवावी लागतात. यात कुठेही कोणाची वाईट नियत असावी लागत नाही. माणसे कमी असली की हे आपोआप घडत जाते.

६. आमच्या तालुक्याच्या सब जेलमध्ये कारागृह विभागाचा एकही माणूस दिसत नाही. असे कसे?

दुय्यम कारागृहांत सहसा तहसीलदार हेच पदसिद्ध अधीक्षक असतात आणि पहारा जिल्हा पोलीस दलाचा असतो. अडचण इथेच आहे. तहसीलदारांकडे महसूल, निवडणूक, टंचाई अशी शंभर कामे. पहाऱ्यावरचा पोलीस हवालदार कारागृहाच्या कामासाठी प्रशिक्षित नसतो आणि बंदोबस्त निघाला की त्याला उचलले जाते. दवाखाना म्हणजे जवळचे ग्रामीण रुग्णालय. राज्यातली तुरुंगांची चर्चा येरवडा आणि आर्थर रोडभोवती फिरत राहते. माझ्या मते सर्वांत दुबळी कडी ही तालुक्याची चार-पाच खोल्यांची कोठडी आहे, कारण तिचा पूर्णवेळ धनी कोणीच नसतो. तक्रार मात्र कोणाकडे करायची हे इथे स्पष्ट आहे : कोठडीतल्या सोयींबद्दल तहसीलदारांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे, पहाऱ्याबद्दल पोलीस अधीक्षकांकडे.

७. तारखेला कोर्टात हजर केलेच नाही. कारागृहाने नेले नाही म्हणून तक्रार करू का?

बहुधा चूक पत्त्यावर तक्रार जाईल. कैद्याला न्यायालयात आणि बाहेरच्या रुग्णालयात नेण्यासाठीचे पथक पोलीस मुख्यालय देते. कारागृह त्याची मागणी पाठवते. पथक आले नाही तर कैदी दरवाजातूनच परत बराकीत जातो. वकिलामार्फत न्यायालयाला सांगा की पुढच्या तारखेला हजर करण्याचा, किंवा निदान दूरदृश्य प्रणालीने समोर आणण्याचा स्पष्ट आदेश द्यावा. रुग्णालयाच्या बाबतीत थांबू नका (प्रश्न १४ पाहा).

८. एका बराकीत किती माणसे ठेवता येतात?

आदर्श पुस्तिकेप्रमाणे २०. झोपण्यासाठी माणशी ३.७१ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ४० चौरस फूट जागा. रात्रीसाठी दर १० जणांमागे एक शौचालय. कारागृहाची ‘अधिकृत क्षमता’ अशा मोजमापातून निघते. २०२२ अखेर देशात १,३३० कारागृहांत ५,७३,२२० कैदी होते, आणि भरणा क्षमतेच्या १३१.४ टक्के होता. ही सरासरी आहे. एखादे कारागृह निम्मे रिकामे असते आणि शेजारच्या जिल्ह्यात कैदी कुशीवर झोपतात.

९. क्षमता संपली तर अधीक्षक नवा कैदी नाकारू शकतात का?

नाही. न्यायालयाचे वॉरंट घेऊन आलेल्या माणसाला ‘जागा नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. पण हात बांधून बसण्याचीही गरज नाही. १८९४ च्या अधिनियमाचे कलम ७ गर्दी झाल्यास किंवा साथ पसरल्यास तात्पुरत्या निवाऱ्याची तरतूद करते. परवानगी घेऊन दुसऱ्या कारागृहात वर्ग करता येते.

खरा उपाय दुसरा आहे. २०२२ अखेर देशातले ७५.८ टक्के कैदी कच्चे, म्हणजे खटला संपायचा असलेले होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेला कायदा) कलम ४७९ म्हणते, की गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामिनावर सोडावे. आधी कधीही दोषी न ठरलेल्याला एक तृतीयांश काळानंतरच बंधपत्रावर सोडावे. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असू शकणारे गुन्हे यातून वगळले आहेत. एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असतील तर हे कलम लागत नाही. असा काळ पूर्ण झाला की न्यायालयाला लेखी कळवणे हे अधीक्षकाचे कर्तव्य आहे. कैद्याने अर्ज करण्याची वाट पाहायची नसते. १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यांनाही हे लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले.

१०. रक्षक कमी आहेत म्हणून जुन्या कैद्याच्या हाती बराक देता येते का?

शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांतून ‘कैदी वॉर्डर’ नेमण्याची प्रथा जुनी आहे आणि अधिनियमात तिचा उल्लेखही आहे. पाणी वाटप, स्वच्छता, गिनतीला रांग लावणे इथपर्यंत ठीक. पण दुसऱ्या कैद्यावर शिस्तीचा अधिकार देणे, झडती घ्यायला लावणे, किल्ली देणे हे चालणार नाही. कैद्यांना कसे वागवावे याविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांत ४० वा नियम नेमके हेच सांगतो. ज्याच्या मर्जीवर झोपायची जागा ठरते, त्याच्याविरुद्ध नवा पोरगा तोंड उघडत नाही. बराकीतल्या मारहाणीच्या अनेक तक्रारी शेवटी या एका सोयीपाशी येऊन थांबतात.

कामे जातीनुसार वाटणे हे तर सरळ घटनाबाह्य आहे. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे नियम रद्द केले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितले.

११. महिला विभागात पुरुष कर्मचारी जाऊ शकतो का?

एकटा कधीच नाही. अधीक्षक असो वा डॉक्टर, सोबत महिला कर्मचारी हवी. विभागाच्या किल्ल्या महिला कर्मचाऱ्यांकडेच असाव्यात, झडती महिलेनेच घ्यावी. पोलीस लॉकअपबद्दल १९८३ च्या शीला बर्से प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रालाच सांगितले होते, की महिलांचे लॉकअप वेगळे आणि महिला पोलिसांच्या पहाऱ्यात असावे.

अडचण येते ती जिथे चार-पाचच महिला कैदी असतात तिथे. त्यांच्यासाठीसुद्धा दिवसरात्र महिला शिपाई लागते, म्हणजे प्रश्न ४ मधल्या हिशेबाने चारहून जास्त जणी. ‘कैदी कमी म्हणून एकच शिपाई’ हा हिशेब इथे लागू होत नाही. आईसोबत सहा वर्षांपर्यंतचे मूल राहू शकते. त्याच्या दूध, लस, खेळ आणि शिक्षणाची सोय कारागृहाने करायची, असे २००६ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगतो.

१२. तृतीयपंथी व्यक्तीला कुठे ठेवायचे आणि झडती कोणी घ्यायची?

केंद्रीय गृह मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्ये राज्यांना याबाबत सूचना पाठवल्या. स्वतंत्र जागा आणि खासगीपण द्यावे, पण त्या नावाखाली एकांतवास होऊ नये. झडती त्या व्यक्तीच्या पसंतीच्या लिंगाच्या कर्मचाऱ्याने किंवा प्रशिक्षित वैद्यकीय व्यक्तीने घ्यावी.

१३. रात्री आग लागली तर कोंडलेल्या कैद्यांचे काय?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घरात आग लागली तर माणूस पळतो. बराकीत तो पळू शकत नाही, कारण कुलूप बाहेरून आहे. म्हणून तुरुंगातली अग्निसुरक्षा म्हणजे आधी किल्ली आणि मग अग्निशामक सिलिंडर.

एका छोट्या कारागृहात मी ड्युटीवरच्या हवालदारांना भरदुपारी विनंती केली, की शेवटच्या बराकीचे कुलूप उघडून दाखवा. जुडग्यात अकरा किल्ल्या होत्या, एकीवरही खूण नव्हती. पहिली लागली नाही, दुसरी अर्धी फिरली, तिसरी चुकीची, चौथीने कुलूप उघडले. उजेड होता, गडबड नव्हती, धूर नव्हता, तरी हवालदारांच्या कपाळावर घाम आला होता. ते स्वतःच म्हणाले, “साहेब, रात्री असतं तर?” पुढच्या भेटीत प्रत्येक किल्लीला पत्र्याचा बिल्ला होता आणि त्यावर ठोकलेला बराक क्रमांक हाताने चाचपून कळत होता. याला निधी लागला नाही.

तपासायच्या गोष्टी अशा. रात्री किल्ल्या कोणाकडे असतात आणि तो माणूस बराकीपासून किती पावलांवर असतो? दुसरा जुडगा कुठे आहे? बराक उघडल्यावर कैदी कोणत्या बंदिस्त आवारात जमवायचे, हे ठरले आहे का? वीज गेली तर टॉर्च चालू आहे का? विझवण्याच्या सिलिंडरची मुदत कधीची? गेल्या वर्षभरात रंगीत तालीम झाली का? अलिबागचे जिल्हा कारागृह हिराकोट किल्ल्यात आहे. अशा ऐतिहासिक वास्तूंत नवे दरवाजे पाडता येत नाहीत, म्हणून तिथे माणूस आणि किल्ली यांवरच जास्त भिस्त ठेवावी लागते.

१४. डॉक्टर नसतात, आजारी कैद्याचे काय? आत्महत्या टाळण्यासाठी काय करतात?

आदर्श पुस्तिकेचा मापदंड दर ३०० कैद्यांमागे एक डॉक्टर आणि दर ५०० मागे एक मानसशास्त्रज्ञ असा आहे. प्रवेशाच्या वेळी तपासणी ही प्रत्येकाची व्हायलाच हवी. अंगावरच्या जखमा, चालू औषधे आणि व्यसन तिथेच नोंदवले पाहिजे. नातेवाईकांनी औषधाची चिठ्ठी पहिल्याच दिवशी दरवाजावर लेखी अर्जासोबत द्यावी आणि पोच घ्यावी. तातडीचे असेल तर न्यायालयात अर्ज करा, पथकाची सबब चालत नाही.

आत्महत्येचा धोका पहिल्या काही दिवसांत, जामीन फेटाळल्यावर, शिक्षा लागल्यावर आणि घरून वाईट बातमी आल्यावर जास्त असतो. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना दिलेल्या सूचनांत बराकी आणि शौचालयांत गळफासाला आधार मिळेल अशी वस्तू नसावी, यावर भर आहे. पण तिथेही माणूसच लागतो. मुलाखतीहून परतलेला कैदी जेवला नाही, हे कॅमेऱ्याला कळत नाही. रोज बघणाऱ्या शिपायाला कळते.

१५. सीसीटीव्ही बसवले, मग रक्षक कमी चालतील का?

नाही. सर्व कारागृहांत कॅमेरे बसवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये डी. के. बसू प्रकरणात दिला. डिसेंबर २०२० चा परमवीर सिंग सैनी निकाल पोलीस ठाण्यांबद्दल आहे. चित्रण १८ महिने जपण्याचा त्यातला आदेश लोक चुकून कारागृहालाही लावतात. कॅमेरा पुरावा देतो, भांडण सोडवत नाही. शिवाय पडदा बघायला एक माणूस लागतोच, म्हणजे आणखी एक जागा भरावी लागते.

१६. ‘सुरक्षेसाठी’ म्हणून एकट्याला कोठडीत ठेवता येते का?

जिवाला धोका असलेल्या कैद्याला वेगळे ठेवता येते, पण वेगळे ठेवणे ही शिक्षा होऊ नये. १८९४ च्या कलम २९ नुसार कोठडीतून कर्मचाऱ्याला केव्हाही हाक मारता येईल अशी सोय हवी. शिक्षा म्हणून असो वा इतर कारणाने, चोवीस तासांहून जास्त ठेवले तर वैद्यकीय अधिकाऱ्याने रोज निदान एकदा भेट द्यायची. मंडेला नियमांत सलग १५ दिवसांपुढच्या एकांतवासाला मनाई आहे. रक्षक कमी आहेत म्हणून कोंडून ठेवणे हे यातल्या कशातच बसत नाही.

१७. कारागृहात मृत्यू झाला तर पुढे काय होते?

कोठडीतल्या मृत्यूची माहिती २४ तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला कळवावी लागते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ खाली दंडाधिकारी चौकशी करतात. नातेवाईकांनी तीन गोष्टी लेखी मागाव्यात : शवविच्छेदनाचे चित्रीकरण, वैद्यकीय नोंदींची प्रत आणि त्या रात्रीचे ड्युटी वाटप. तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. कोण कुठे तैनात होते, किती जण होते, हे त्यातूनच कळते.

१८. मी स्वतः कारागृह शिपाई आहे. एकट्याला तीन बराकी दिल्यात. काही झालं तर निलंबन माझं. काय करू?

ड्युटी घेताना गिनती स्वतः करा, कुलपे हाताने ओढून पाहा, किल्ल्या मोजा आणि मगच सही करा. एकट्यावर तीन बराकी असल्याची नोंद वेळेसह नोंदवहीत त्याच वेळी लिहा आणि सुभेदारांना दाखवा. भाषा साधी ठेवा : ‘बराक ३, ४, ५ वर मी एकटा. एकूण बंदी अमुक. वरिष्ठांना कळवले.’ पुढे चौकशी झाली तर मागाहून दिलेल्या खुलाशापेक्षा ही एक ओळ जास्त मोलाची ठरते. आणि भांडण सुरू झाल्यावर एकट्याने कुलूप उघडून आत शिरू नका. आधी शिट्टी आणि गजर, मग दुसरा माणूस आला की दार.

१९. आमच्या जिल्ह्यातली मंजूर आणि भरलेली पदे कशी कळतील?

माहिती अधिकारात अर्ज करा, उत्तराची मुदत ३० दिवस. जीवित वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. मंजूर पदे, भरलेली पदे, प्रतिनियुक्तीवर बाहेर गेलेले कर्मचारी आणि ठराविक आठवड्याचे पाळीनिहाय संख्याबळ असे चार मुद्दे वेगवेगळे विचारा. नावे मागू नका, संख्या मागा. नाहीतर सुरक्षेचे कारण देऊन अर्ज फेटाळायला जागा मिळते. मोफत वकील हवा असेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० आणि मानवी हक्क आयोगाचा १४४३३ हे क्रमांक जवळ ठेवा.